न विचारता आलेलं उत्तर

आधी मेधाताईंचं नाव घेते, मग बाकीचं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नसता तर हे सांगायचं तोंड मला उरलं नसतं.

मी बार्शीची. नववीत शाळा सुटली. नवरा इथे जपानात, कोबेत एका इंडियन हॉटेलात कुक आहे. मेधाताई तिथे जेवायला यायच्या. पुण्याच्या, इथल्या एका आयटी कंपनीत टीम लीड. एकदा मला जपानी बोलताना ऐकलं आणि म्हणाल्या, "घरी बसून काय करतेस? आमच्याकडे बाइतो कर." बाइतो म्हणजे पार्ट-टाइम. माऊस धरता न येणाऱ्या बाईला त्यांनी शेजारी बसवून शिकवलं.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. मला भीती वाटते ती व्हिसाची, माणसांची, आपल्या हातून काही चुकेल याची... मेलेल्यांची नाही.

कंपनीचं काम म्हाताऱ्या माणसांची चौकशी करण्याचं. प्रत्येक घरात एक पांढरी डबी, तिला एक बटण. सकाळी आमची सिस्टिम विचारते, डबीचा दिवा लागतो, आजोबा-आजी बटण दाबतात, "ठीक आहे" असं उत्तर येतं. नाही आलं तर आमची माणसं फोन करतात. अशी हजारो घरं. पूर्वी सिस्टिम एका घराला विचारून उत्तराची वाट बघत बसायची, शेवटच्या घरापर्यंत पोचेस्तोवर दुपार. ताईंनी ते सगळं async केलं. मला काही कळेना.

"अगं, नवऱ्याचं किचन आठव," त्या म्हणाल्या. "वेटर ऑर्डरची चिठ्ठी लावतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो. खिडकीशी उभा राहतो का? थाळी तयार झाली की चिठ्ठीच्या नंबरावरून टेबल सापडतं."

"आणि चिठ्ठीच नसलेली थाळी आली तर?"

"ती सिस्टिम बाजूला टाकते."

बाजूला टाकलेली ती उत्तरं मी उगाचच बघायचे. स्वभावच तसा – गॅस बंद केला का, हेसुद्धा दोनदा बघणारी मी.

परत आलेल्या डब्या पुसायचं कामही माझ्याकडे होतं. इशिदा-सान आजोबा वारले तेव्हा त्यांची बायको स्वतः डबी घेऊन आली. फुलाफुलांच्या रुमालात बांधलेली. देताना आजी डबीपुढे वाकून म्हणाल्या, "ओत्सुकारेसामा." दिवसभर राबलेल्या माणसाला म्हणतात तसं. मी म्हटलं, तुमच्या नावाने चालू ठेवू या ना. त्या हसल्या. "नको. दोघांचं उत्तर तेच द्यायचे." मी बॅटरी काढली, डबी पुसली, शेल्फवर ठेवली. घर यादीतून काढलं गेलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ऑफिसात मोठा डेमो होता. ताईंनी केलेली नवी सिस्टिम बघायला क्लायंट येणार, सगळे सुटाबुटात. जेवणानंतर मी स्क्रीन बघत होते आणि बाजूला टाकलेल्यांत एक उत्तर आलं. इशिदा-सानच्या डबीचा नंबर. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा.

शेजारी अनिकेत बसायचा, पुण्याचाच. तो म्हणाला, "जुना मेसेज कुठेतरी अडकला असेल वहिनी. किंवा भूतसुद्धा async झालं असेल!"

"पण बटण दाबल्याची वेळ आत्ताची आहे."

"मग bug आहे. आज नको हं, प्लीज. ताईंना आज काही सांगू नका."

मी शेल्फकडे गेले. डबी होती तिथेच. बॅटरीची जागा रिकामी. पण बटण आत गेलेलं होतं. ते स्प्रिंगचं बटण, बोट काढलं की वर येतं. नखाने उचकटून पाहिलं... येईना.

ताई मीटिंग रूमच्या दारात उभ्या होत्या, आत पाहुणे बसलेले. मी डबी त्यांच्या हातात दिली. "ताई, त्यांची बायको घरात एकटी आहे..."

त्यांनीही बटण उचकटून पाहिलं. स्क्रीन पाहिली. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी आजींच्या घरी फोन लावला, कुणी उचलेना. मग त्या अनिकेतला म्हणाल्या, "डेमो तू दे."

"ताई, मी? अहो, काय सांगू त्यांना?"

"मी नाही म्हणून सांग."

आजींच्या घरी, नागाताला, आम्ही दोघी लोकलने गेलो. बिल्डिंगच्या मॅनेजरने कुरकुरत किल्ली लावली. आजी स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेल्या. शुद्धीत होत्या, ओठ सुकलेले. सकाळपासून तशाच, असं नंतर कळलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले. त्यांनी विचारलं, "कुणी कळवलं?"

मी रुमाल ओला करून त्यांच्या ओठांना लावला.

त्या वाचल्या नाहीत. पण मुलगी क्योतोहून वेळेवर पोचली, दोन दिवस आईजवळ बसली. एवढंच झालं.

डेमोच्या दुसऱ्या दिवशी डबीचं बटण वर आलेलं होतं. अनिकेतने सगळं खणून काढलं. अडकलेला मेसेज नाही, तो नंबर दुसऱ्या कुठल्या डबीला दिलेला नाही. तो आता त्या शेल्फच्या बाजूने जात नाही.

क्लायंट नाराज झाला. ताईंना प्रोजेक्टवरून काढलं, व्हिसा संपला तशा त्या पुण्याला परत गेल्या. त्या तिथे एकट्याच राहतात. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "टाकलेली उत्तरं बघत जा गं."

बघते, ताई. आणि रोज सकाळी तुम्हाला मेसेज करते, त्याला तुम्ही नुसता अंगठा पाठवता. तुमचे उपकार मी फेडणार आहे, कसे ते अजून माहीत नाही. पण एखाद्या सकाळी तो अंगठा आला नाही, तर मी वाट बघत बसणार नाही. मिळेल त्या विमानाने तुमच्या दारात येऊन उभी राहीन.