कोणालाच नको असलेल्या सुऱ्या

घोडबंदर रोडच्या बसमध्ये एक तरुण रोज माझ्या शेजारी असायचा. गळ्यात ऑफिसचं कार्ड, मांडीवर जेवणाचा डबा आणि डब्यावर टेकवलेला मोबाइल. मोबाइलवरच्या गेममध्ये एक लोहार होता. हा अंगठा दाबायचा, लोहार सुरी घडवायचा. परत अंगठा, परत तीच सुरी.

कोलशेतच्या कारखान्यात जन्म गेला माझा, फिटर म्हणून. एकदा राहवलं नाही. "अहो, एवढ्या सुऱ्या घेतं कोण?"

"कोणी नाही काका, फेकून द्यायच्या. सुरीला लोखंड कमी लागतं, लोहारकामाची लेव्हल पटापट वाढते. तलवारी बनवत बसतात ते येडे."

माझं डोकंच फिरलं. शिकाऊ असताना आम्हीही लोखंडाच्या तुकड्यावर कानस मारत बसायचो, आणि तो तुकडा शेवटी भंगारातच जायचा. पण काटकोन तपासायला गुण्या लावल्यावर फटीतून उजेड दिसला की उस्ताद आईबाप काढायचे! त्यातून हात तयार झाला. याचा नुसता अंगठा दुखायचा. मधूनमधून झटकायचा तो.

परवा स्वारी खुशीत होती. "काका, लोहारकाम फुल झालं!"

एवढा राग असूनही मी सरसावून बसलो. "मग आता तलवार?"

"छे! ती तयार मिळते. आता स्वयंपाकाची लेव्हल. नुसता भात शिजवत बसायचं, सगळ्यात फास्ट."

तो भात खाणार कोण, हे मी विचारलंच नाही. मोबाइल टेकवायला घेतलेला तो डबा मात्र कोणीतरी सकाळी उठून, खाणाऱ्यासाठी भरलेला होता.