उसातले कोल्हे आणि मडमेचं कुत्रं

लढाई चालू होती तेव्हा आमचे हे लष्करात ड्रायव्हर होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि त्यात सगळं मिळून सव्वा महिना आम्ही एकत्र काढला असेल. दिवाळीनंतर दहा दिवसांच्या रजेवर आले, तेव्हा माझ्यासाठी काय आणलंय म्हणून मी दाराआडून बघत होते. ह्यांनी बैलगाडीतून एक झाकणाची टोपली उतरवली, झाकण काढलं, आणि आतून एक पांढरंशुभ्र कुत्रं बाहेर आलं. मांजरापेक्षा थोडं मोठं. अंगभर केस, इतके की पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते शेपूट हलल्यावर कळायचं.

ह्यांच्या साहेबाची बदली लांब झाली होती. मडमेला कुत्रं बरोबर नेता येईना. ती रडायला लागली तेव्हा ह्यांनी पुढे होऊन सांगितलं, "आमच्या मळ्यात लय जागा हाय, मी नेतो."

जागा होती हे खरं. माझं माहेर कोरेगावात, भर पेठेत. सासर मात्र सांगलीच्या अलीकडे, कृष्णेकाठच्या मळ्यात. तीन खोल्या, पुढे गोठा, मागे परडं आणि परड्याच्या कुडाला लागून थेट ओढ्यापर्यंत ऊस. त्या उसात कोल्ही राहत. मडमेला ही गोष्ट कुणी सांगितली नसावी.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कुत्र्याभोवती एक फेरी मारली. "ह्यो कुत्रा हाय का ससा?"

"विलायती हाय," हे म्हणाले.

"मग विलायतीला धाडायचा. हितं काय राखणार ह्यो? ह्येलाच कुनीतरी राखाय पायजे."

राखायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. त्याचं नाव काहीतरी इंग्रजी होतं, ते आमच्या कुणाच्या जिभेला वळेना. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, त्याला 'कापूस' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. हे रजा संपवून परत गेले. मी आणि कापूस मागे राहिलो.

त्याला भाकरी कुस्करून दूध घालून दिली की खायचा, पण ताटलीत. जमिनीवर टाकलेलं हुंगायचासुद्धा नाही. मळ्यात आमचा एक म्हातारा कुत्रा होता. त्याचे कान गेले होते आणि तो दिवसभर गोठ्याच्या दारात झोपायचा. कापूस त्याच्यापुढे जाऊन उड्या मारायचा. म्हातारा एक डोळा उघडायचा आणि परत मिटायचा.

पुढे गुऱ्हाळ सुरू झालं आणि ऊस तुटायला लागला. उभा ऊस असतो तोवर कोल्ही आत असतात, संध्याकाळची कोल्हेकुई सोडली तर त्यांचा आपला संबंध येत नाही. पण एकेक सरी मोकळी होत गेली तशी त्यांची लपण कमी झाली आणि ती घराच्या बाजूला सरकू लागली. आधी एक तलंग गेली, अजून अंड्यावर न आलेली. मग डालग्याखाली उबवायला बसवलेली रोवणीची कोंबडी गेली, अंड्यांसकट. आत्याबाईंनी दोन दिवस कोल्ह्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

एकदा मी ओढ्यावर धुणं धूत होते. ऊन चांगलं वर आलेलं. कापूस माझ्या शेजारी बसून पाण्यातल्या पदराकडे बघत होता. मी सहज मान वर केली, तर पलीकडच्या काठावर कोल्हा उभा. मला वाटलं होतं कोल्हा म्हणजे माणूस दिसला की पळणार. हा पळाला नाही. तो माझ्याकडे बघतही नव्हता. तो कापसाकडे बघत होता, बाजारात माणूस चांगली भाजी बघतो तसा.

मी धुणं तसंच टाकलं, कापसाला उचलून काखेत मारलं आणि धोपाटणं दगडावर आपटायला लागले. "हाड! हाड! जा मुकाट्यानं!" असं जे तोंडात येईल ते ओरडले. तो चार पावलं मागे गेला आणि परत थांबला. पाठ फिरवायची माझी छाती होईना. मग तशीच त्याच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी, धोपाटणं हवेत नाचवत मी घरापर्यंत आले. गुऱ्हाळावरची माणसं काम थांबवून बघत होती. नवी सून उलटी चालत घरी आली, ही बातमी गावात माझ्या आधी पोचली.

मामंजींनी सगळं ऐकलं. "आता त्या कोल्ह्याला विषच घालतो," ते म्हणाले. "मटनात घालून ठेवतो ओढ्यावर. दोन दिसांत सपाट."

नेमके तेव्हा शेजारच्या मळ्यातले अण्णा बांधावरून येत होते. अण्णा जैन. मुंगी चालली असेल तर थांबून तिला वाट देणारे. मामंजींचं आणि त्यांचं लहानपणापासूनचं होतं. भांडणही आणि जेवणखाणही, म्हणजे अण्णा आमच्याकडे फक्त गूळपाणी घेत.

"दादा, विष नको," अण्णा म्हणाले. "तुमचाच म्हातारा कुत्रा खाईल आधी. न्हाईतर हे पांढरं."

"मग काय करू? पाया पडू कोल्ह्याच्या?"

"त्यो येतोय कशाला, त्ये बघा की आधी. माझ्या मळ्यात का येत न्हाई? ऊस माझाबी तुटलाय." अण्णा थोडे अडखळले. "तुमच्या परड्यात तुमी ते टाकताय न्हवं... ते... आईतवारचं."

रविवारच्या मटणाची हाडं, असं त्यांना म्हणायचं होतं. शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. मामंजी मोठ्यानं हसले, पण मग वळून परड्याकडे बघायला लागले.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी न्हाणीच्या कुडाआड उभी राहून परड्यावर नजर ठेवली. आत्याबाई रोज त्या वेळी म्हाताऱ्या कुत्र्याचं जेवण दगडी डोणीत ओतत: उरलेली भाकरी, कालवण, हाडं. त्या ओतून आत गेल्या. म्हातारा कुत्रा निवांत उठला, थोडं खाल्लं आणि बाजूला बसला. मग कुडाच्या फटीतून कोल्हा आला. शांतपणे डोणीत तोंड घातलं आणि जेवला. म्हातारा कुत्रा त्याच्याकडे बघत होता. दोघांच्या वागण्यावरून दिसत होतं, हे आजचं नव्हतं.

मी आत जाऊन सांगितलं तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मला वाटायचं, म्हाताऱ्याला ह्या वयात भूक कशी वाढली!" मग कपाळावर हात मारून घेतला. "म्हंजे कोल्ह्याला रोज मीच वाढत हुते की गं!"

मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. विषाचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कुत्र्यांचं जेवण गोठ्यात, उजेड असताना, समोर बसून. हाडं खड्ड्यात पुरायची. कोंबड्यांना दगडाचं खुराडं झालं, त्याला फळीचं दार. कुडाच्या फटींत बाभळीच्या काटेरी फांद्या कोंबल्या. रॉकेलचा रिकामा डबा आणि एक काठी परड्याच्या दाराशी टांगली. कोल्हा दिसला की ज्याचं लक्ष जाईल त्यानं बडवायचा. आत्याबाईंना तो डबा फार आवडला. कोल्हा नसतानाही कधी कधी बडवायच्या.

बाकी कोल्ही पांगली. पण एक जायला तयार नव्हती. ती कोल्हीण होती, हे त्या वर्षी आमच्या रानात मेंढरं बसवायला आलेल्या धनगरणीनं ओळखलं. ही बाई जतकडची, तोंडात निम्मं कानडी. कापसाला बघून तिनं हनुवटीला बोट लावलं.

"यव्वा! ह्ये असं उघड्या गळ्यानं हिंडतंय?" ती म्हणाली. "आमच्या कुत्र्यास्नी बघ." तिच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे होते. "लांडगा पयला गळा धरतो. गळ्यात खिळं असलं की त्वांडात टोचतंय. सोडतो मग."

मी हे जेवताना आत्याबाईंना सांगितलं. मामंजी पलीकडे भाकरी मोडत होते. "सशाला चिलखत," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ते लोहाराकडून आले आणि माझ्यापुढे एक पुडी ठेवली. आत बोटाच्या पेराएवढे खिळे. मग त्यांनी मोटेची जुनी सोंड काढली आणि तिच्या चामड्याची एक पट्टी कापली. खिळे त्यांनी स्वतः ठोकले, आतून मऊ फडकं मी शिवलं. पट्टा घातल्यावर कापूस आधी दोन पावलं मागे चालला आणि मग खाली बसला. त्याच्या केसांतून खिळ्यांची टोकं चमकत होती. गुऱ्हाळावरची माणसं खास बघायला आली.

एकदा उजाडता उजाडता मी गोठ्यात शेण भरत होते. मामंजी अंगणात राखुंडीनं दात घासत होते. कापूस माझ्या पायात होता, तो केव्हा कडब्याच्या गंजीमागे गेला ते मला कळलं नाही. एकदम किंकाळी ऐकू आली. कुत्र्याची वाटतच नव्हती, तान्ह्या पोराची वाटावी अशी.

मी शेणाच्या हातांनी धावले. मामंजी माझ्या पुढे होते. साठीचा माणूस, तोंड राखुंडीनं काळं, धोतराचा सोगा सुटलेला. गंजीमागे कोल्हीण होती. तिनं गळा धरला असावा आणि खिळे लागले असावेत, कारण तिच्या तोंडाला रक्त होतं. पण आता तिच्या दातांत कापसाचा कान होता आणि ती त्याला ओढत होती.

"सोड! सोड माझ्या कुत्र्याला!" मामंजी ओरडले आणि हातातला पाण्यानं भरलेला तांब्या त्यांनी फेकला. तो तिच्या पाठीत बसला. ती सुटली ती ओढ्याच्या दिशेनं गेली. आत्याबाई डबा बडवत मागून आल्या, पण तोवर बडवायला काही उरलं नव्हतं.

कान निम्मा गेला होता. मी कापसाला उचलायला वाकले, तेवढ्यात मामंजींनी मला दंडाला धरून मागे ओढलं. सुनेला हात लावणारा माणूस नव्हता तो. त्यांचा चेहरा बघून मी घाबरले.

"हात लावू नगंस. कोल्हीण पिसाळल्याली असली म्हंजे?"

तेव्हा हसण्यासारखं काही राहिलं नाही. पिसाळलेला कोल्हा चावला तर काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या गावात एक तरणा गडी तसा गेला होता. मिरजेच्या दवाखान्यात पोटात सुया देत, त्याही वेळेत पोचलात तर.

मामंजींनी घोंगडं टाकून कापसाला गुंडाळलं, गोठ्याच्या टोकाच्या खोपीत नेऊन साखळीनं बांधलं. जखमेवर लांबूनच हळदीचं पाणी ओतलं. घरात बजावलं, "त्येच्याजवळ कुनी जायाचं न्हाई. भाकरी मी घालणार."

ते ताटली काठीनं पुढे सरकवायचे. पहिले दोन दिवस कापूस जेवला नाही. मामंजी खोपीबाहेर दगडावर बसून राहायचे. एकदा मी त्यांच्यासाठी ताक घेऊन गेले, तर त्यांचा आवाज आला. "आरं खा की गड्या. मडम न्हाई हितं. हितं आमीच हाय." मी ताक तिथेच ठेवून परत फिरले.

महिना गेला, दुसरा महिना गेला. कापूस पाण्याला भ्याला नाही, लाळ गळली नाही, उलट भाकरी-दुधावर चांगला गुबगुबीत झाला. एक दिवस मामंजींनी साखळी काढली. तो त्यांच्या पायांभोवती इतका फिरला की ते पडता पडता राहिले. त्या दिवसापासून तो त्यांच्या मागे हिंडू लागला: मोटेवर, गुऱ्हाळावर, बाजाराच्या वाटेवर निम्म्यापर्यंत. माझ्याकडे फक्त केस विंचरायला यायचा.

कोल्हीण पिसाळलेली नव्हती. मग ती एवढी धीट का झाली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी अण्णांकडून कळलं. कान गेला त्याच दिवशी मामंजी फावडं आणि कडब्याची पेंढी घेऊन ओढ्याकडे गेले होते, धूर घालून बीळ बुजवायला. अण्णाही त्यांच्या मागे गेले. बिळाच्या तोंडाशी चार पिल्लं उन्हात एकमेकांचे कान चावत होती. दोघं झुडपाआड उभे राहून बघत राहिले. मग मामंजी म्हणाले, "म्हनून अशी येड्यावानी हुती व्हय," आणि फावडं खांद्यावर टाकून परतले. घरी मात्र त्यांनी आम्हाला "बीळ घावलं न्हाई" असं सांगितलं. नवा ऊस उंच झाला तशी कोल्हीण पिल्लांना घेऊन त्यात शिरली आणि परड्याकडे आली नाही.

साखळी सुटली त्या संध्याकाळी मामंजींनी मला कार्ड घेऊन बसायला सांगितलं. मी मराठी चौथी शिकलेली, घरातलं लिहिणं माझ्याकडे होतं. ते सांगायचे, मी लिहायची, आणि शेवटी सगळं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची, कारण त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. ह्यांच्या नावानं मी तोवर कितीतरी कार्डं लिहिली होती, पण त्यांत माझा एक शब्द नव्हता.

"लिव," ते म्हणाले. "कुत्रं खुशाल हाय. कान जरा कमी झालाय, बाकी सगळं हाय. बैल बरं हायती. गूळ चांगला झाला. तुझी आई कोल्ह्यांस्नी जेवण घालत हुती, त्ये आता बंद झालं."

"आवं!" आत्याबाई चुलीपासून ओरडल्या.

"लिव तू." मग ते उठले, काठी घेतली, कापूस लगेच त्यांच्या पायाशी आला. दारात गेल्यावर ते न वळताच म्हणाले, "खाली जागा ऱ्हायली आसंल, तर तुला काय लिवायचं आसंल ते लिव. त्ये मला वाचून दावू नगंस."

कार्डावर तीन बोटं जागा होती. मी इतकं बारीक अक्षर काढलं की तीन बोटांत अकरा ओळी बसल्या.