सोलापुरात पाठराखीण म्हणून

देवरुख सोडताना आमच्या सामानात दोन छत्र्या, एक रेनकोट, ताडपत्रीचा तुकडा आणि उकड्या तांदळाची पिशवी होती. सोलापूरला यातलं काहीच लागत नाही, हे तिथं पोहोचल्यावर कळलं. माझी मुलगी गौरी तिथल्या कॉलेजात कापडाचं इंजिनिअरिंग शिकायला निघाली होती. तिच्या आईला, सुनंदाला, शाळेतून रजा मिळाली नाही, म्हणून पोहोचवायची कामगिरी माझ्याकडे आली. 'दोन दिवसांत परत या,' असं तिनं बजावलं होतं. मी आठ दिवसांचे कपडे घेतले.

शिवाय एक गुपित होतं. गावच्या कॉलेजातले एक सर माझे दोस्त. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी मी त्यांच्याकडे कॉमर्सला गौरीची जागा धरून ठेवली होती. सोलापूर नाहीच मानवलं तर पंचाईत नको. शनिवारपर्यंत ते जागा राखणार होते. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि असा दूरदर्शी बाप पोरीला लाभल्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो.

आंबा घाट चढून कोल्हापूरला गाडी बदलली. मिरज मागं पडलं, सांगोल्यानंतर हिरवा रंग विरत गेला. मंगळवेढ्याजवळ नजर पोहोचेल तिथवर काळीभोर रानं, नांगरून नुसती ठेवलेली. श्रावण संपत आला तरी पेरणी नाही, म्हणून मला काळजी वाटली.

"ज्वारीचं रान हाय ते," शेजारचे आजोबा म्हणाले. "दसऱ्याच्या आसपास पेरायचं. आत्तापासनं कशाला घाई?"

गौरी खिडकीतून बघत होती. तिच्याकडं वाकून मी म्हणालो, "नाही आवडलं तर सांग हो. परत फिरू."

सोलापूरच्या स्टँडवर रिक्षावाल्या चाचांनी ट्रंक उचलली आणि मला न्याहाळलं. "बच्ची को छोडने आए क्या साब? मेरी रिक्षा में रोनेका नै हां. पिछले हफ्ते लातूरवाले एक साब इत्ता रोए, बच्चीच उनको समझा रही थी."

आम्ही दोघं हसलो. म्हणजे गौरी जास्त हसली.

खोली शहराच्या पूर्व भागात, एका विणकर कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर होती. घरमालकीण अक्का. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. गल्लीभर यंत्रमाग. खटक-खटक, खटक-खटक. मला वाटलं, माझी कवळीच वाजतेय. गौरी मात्र जिना चढायच्या आधी मागाच्या खोलीत डोकावली आणि तिथंच रमली.

जेवायला कडक भाकरी (वाळवून पापडासारखी केलेली ज्वारीची भाकरी) आणि शेंगांची चटणी आली. मी भाकरीचा थेट चावा घेतला. काहीतरी मोडलं, ती भाकरी नव्हती.

"अवो, अशी चावायची नसती ती! आमटीत चुरायची!" अक्का तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "कोकणात दात लई स्वस्त हायत व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी गौरीबरोबर कॉलेजात गेलो. खिडकीतल्या कारकुनानं नाव विचारलं, मी सांगितलं. शाखा विचारली, मी सांगितली. रक्तगट विचारला, तोही मीच सांगितला, पण माझा.

"ॲडमिशन तुमची का मॅडमची?" त्यानं विचारलं. मागची रांग खिदळली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आवडलं का?" रिक्षात विचारलं, खोलीवर विचारलं. पोरीला आधार द्यावा, दुसरं काय?

तिसऱ्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. जागा राखायची की सोडायची? गौरी खाली मागापाशी होती. मी गॅलरीत गेलो. मागांच्या गदारोळात त्यांना ऐकू जाईना, म्हणून आवाज चढवत नेला. शेवटी जिवाच्या आकांतानं ओरडलो आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत माझाच आवाज घुमला, "गौरीची जागा सोडू नका! ती परत येईल!"

समोरच्या दारांतून माणसं वर बघू लागली. गौरी जिन्यात उभी होती.

"कुठली जागा, बाबा?"

मी सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती पायरीवर बसली.

"म्हणजे मला जमणार नाही, हे तुम्ही घरूनच ठरवून आलात."

"तसं नाही गं. तुला आधार म्हणून..."

"मला भीती वाटतेच आहे, बाबा. तुम्ही विचारलंत की दुप्पट वाटते."

खालून अक्का म्हणाल्या, "भाऊ, नवरीसंगं पाठराखीण धाडत्यात की न्हाई? दोन दिस ऱ्हाती, गोडधोड खाती अन् जाती. सासर कसं हाय, कसं हाय म्हणून रोज इचारत बसली, तर नवरी नांदंल का?"

अख्खी गल्ली हसली. मी तिथंच उभ्या उभ्या सरांना फोन लावला. तेवढ्यात वीज आली. त्यामुळं "ती जागा दुसऱ्या कुणाला द्या, आमची मुलगी इथंच राहणार आहे," हे मला तीनदा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना मला स्वतःलाही ते थोडं खरं वाटू लागलं.

गौरी जवळ आली. "उद्या सकाळी कोल्हापूरची गाडी आहे," ती म्हणाली. तिनं आधीच बघून ठेवली होती.

सकाळी ती कॉलेजकडं वळली, मी स्टँडकडं. "अडलं तर मी फोन करीन," ती म्हणाली. "तुम्ही आधी करू नका." अक्कांनी पाठराखिणीचा मान म्हणून एक टॉवेल दिला, त्यांच्याच मागावरचा.

घरी आल्यावर आठवडाभर फोन सुनंदालाच येत होते. रविवारी संध्याकाळी माझा वाजला.

"बाबा, मला घरी यावंसं वाटतंय." वर्गातल्या मुली जवळपासच्याच, मोहोळच्या, वैरागच्या, टेंभुर्णीच्या. सुट्टीला सगळ्या आपापल्या घरी गेल्या होत्या, ही एकटी मागं राहिली होती.

'ये' हा शब्द माझ्या उरल्यासुरल्या दातांपर्यंत आला होता.

"वाटणारच गं," मी म्हणालो. "आम्हालाही तू यावीस असं वाटतंय."

"मग काय करू?"

"तुला काय करावंसं वाटतं?"

तिनं नाक ओढलेलं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "अक्का शेंगा भाजतायत. बोलावतायत खाली. ठेवू?"

"ठेव."

मुलांना शिकायला लांब पाठवल्यावर आईबापांनी काय करावं, असं शेजारी मला हल्ली विचारतात. एवढा प्रवास करून आल्यामुळं मी जाणकार ठरलोय. त्यांना मी त्या संध्याकाळचं सांगतो. फोन आधी तिनं ठेवला, हे खरं. पण तासभर हातात धरून बसूनही मी तो परत लावला नाही.