अनुस्वाराचे पंचवीस गुण

त्याचं खरं नाव घरच्या कागदांवर आणि पगाराच्या पाकिटावर तेवढं उरलं होतं. बाकी सगळे त्याला अनुस्वार म्हणत. बाविसाव्या वर्षी तो एका रॉक बँडसाठी गाणी लिहायचा आणि गाण्याचा कागद गायकाच्या हातात देण्याआधी एकेक टिंब तपासायचा. ‘अरे, गाताना टिंब कुणाला दिसतंय?’ असं ड्रमवाला एकदा म्हणाला आणि त्या दिवसापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

बँड उभा केला होता त्याच्या मामेभावाने. तो चार वर्षांनी लहान, अंगाने काडी, म्हणून बारक्या. मामाचं टायरचं दुकान होतं आणि दुकानामागच्या गोदामात, टायरांच्या चळतींमध्ये तालीम चालायची. रबराच्या वासाने डोकं चढायचं, पण आवाज बाहेर जात नसे. बारक्याने गिटार हातात घेतली की अनुस्वार आधी खूश व्हायचा आणि मग त्याच्या पोटात बारीक दुखायला लागायचं. आपण तीन आठवडे खपून लिहिलेलं कडवं एका बाजूला आणि ह्याने बिस्कीट खाता खाता काढलेला तुकडा दुसऱ्या बाजूला. ऐकणारा मान डोलावणार ती त्या तुकड्यावर.

त्यांचं एक गाणं गाजलं. त्याच्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या:

‘दार उघडं टाकून गेलीस,
आता वारासुद्धा विचारून येतो.’

ह्या ‘विचारून’साठी अनुस्वाराने अर्धी वही भरली होती. पण एका मोठ्या कार्यक्रमात, दोनेक हजार माणसं समोर असताना, गायकाला शब्द आठवेनात. तो घाबरला नाही. ‘दार दार दार, गार गार गार’ असं काहीबाही म्हणत त्याने अख्खं गाणं रेटून नेलं, आणि लोक दुप्पट नाचले. पुढच्या कार्यक्रमात मागून ओरडा आला, ‘ते गार गार होऊ द्या.’ गायकाने बारक्याकडे पाहिलं, बारक्याने मान हलवली. अनुस्वार पडद्यामागे उभा होता. त्याने वही उचलली आणि तो सरळ घरी गेला. पुन्हा कधी तालमीला फिरकला नाही. बारक्या दोनदा बोलवायला आला. दोन्ही वेळा अनुस्वाराने आईकडून ‘घरी नाही’ असं सांगवलं.

पुढे त्याला छापखान्यात प्रूफं तपासायची नोकरी लागली. औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवलेले ते मुंगीएवढ्या अक्षरांचे कागद असतात ना, ते छापण्याआधी तो वाचायचा. कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्न ठरवायला मुलगी बघायला गेला, तेव्हा बोलता बोलता बँडचा विषय निघाला. मुलीचे डोळे चमकले.

“त्या दाराच्या गाण्यात सुरुवातीला गिटारचा तुकडा आहे, तो तुम्ही वाजवायचात?”

“नाही. तो माझा मामेभाऊ. मी शब्द लिहायचो.”

“अच्छा,” ती म्हणाली आणि जरा थांबून, त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, “ते पण छान असतील.”

त्या ‘असतील’ने त्याला पंचवीस वर्षं टोचलं. तीच त्याची बायको झाली. गुणी होती, घरातच पाळणाघर चालवायची, दहा-बारा पोरांना एका हाताने सांभाळायची. पण दुपारी पोरं झोपली की चादरींच्या घड्या घालताना ती गुणगुणायची तो बारक्याचा तुकडा, आणि छापखान्याला सुट्टी असली की अनुस्वार आतल्या खोलीत वर्तमानपत्राचं पान जरा जास्तच जोराने उलटायचा.

बँड काही वर्षांनी मोडला. बारक्याने गोदामातले टायर हलवून तिथे गिटारचा क्लास काढला. लग्नाकार्यात दोघं भेटत, ‘दादा, कसा आहेस?’ म्हणत बारक्या पाया पडे, आणि अनुस्वार आशीर्वादाचा हात लवकर काढून घेई.

अनुस्वार त्रेपन्न वर्षांचा झाला, त्या वर्षी गावच्या वाचनालयाने नवोदित बँडची स्पर्धा ठेवली. ग्रंथपाल बाई स्वतः छापखान्यात आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही परीक्षक व्हा. गाणी लिहिणारं दुसरं कोण आहे आपल्याकडे?”

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याला कुणी ऐकवलं नव्हतं. तो हो म्हणाला. मग त्याने गुणांचा तक्ता पाहिला. वादनाला चाळीस, गायनाला तीस, सादरीकरणाला वीस, शब्दांना दहा.

परीक्षकांच्या बैठकीत त्याने तक्ता टेबलावर ठेवला. “शब्दांना दहा? गाणं आहे की बँडबाजा?”

दुसऱ्या परीक्षक रेडिओवर निवेदन करायच्या. त्या हसून म्हणाल्या, “अहो, रॉक लोक पायांनी ऐकतात. शब्द कळले तर बोनस.”

“पायांनी ऐकायचं असेल तर गायकाला कशाला उभं करायचं? त्याला बसवा आणि रिकामा माइक ठेवा.”

तिसरे परीक्षक शाळेत गाणं शिकवायचे. ते मध्ये पडले. “चांगल्या चालीत भिकार शब्द खपतात, हे खरं आहे. पण भिकार चालीत चांगले शब्द कुणी ऐकतच नाही. मग वजन कशाला जास्त द्यायचं, तुम्हीच सांगा.”

अनुस्वार तासभर भांडला. शेवटी ग्रंथपाल बाई कंटाळल्या आणि त्यांनी वादनाचे पंधरा कापून शब्दांना पंचवीस गुण करून टाकले. घरी जाताना तो शीळ घालत होता. फाटकाशी आल्यावर लक्षात आलं, शीळ बारक्याच्या तुकड्याची होती. तो गप्प झाला.

स्पर्धा रविवारी दुपारी होती. सभागृहातल्या खुर्च्या भरल्या होत्या आणि भिंतीला टेकून माणसं उभी होती. तिसरा बँड मंचावर आला तेव्हा त्यांच्या मागून बारक्या आला, वाकून एका गिटारची तार जुळवून दिली आणि खाली उतरला. म्हणजे ही त्याची पोरं. अनुस्वाराने पेन उघडला.

पोरांनी वाजवलं मात्र असं की रेडिओच्या बाई टेबलावर बोटं आपटायला लागल्या. शब्द म्हणाल तर ‘ये ना, ये ना, आज तरी ये ना’ एवढेच. गाणं अर्ध्यावर होतं तेव्हाच अनुस्वाराने शब्दांच्या रकान्यात दोन लिहिले. गाणं संपेपर्यंत थांबलाही नाही. लिहिताना जे बरं वाटलं, ते त्याने स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नाही.

सातवा बँड अगदीच कच्चा होता. ड्रमवाली मुलगी पुढे पळत होती, गिटारवाला मागे राहत होता. मधे उभी असलेली गाणारी मुलगी डोळे मिटून गायली:

‘रडायचं ठरवून फोन केला,
आई म्हणाली, जेवलीस का?
मग रडायचं राहूनच गेलं.’

अनुस्वाराचा पेन थांबला. इतकं साधं. ह्यात एक शब्द असा नव्हता की जो पाळणाघरातल्या पोराला कळणार नाही, आणि तरी त्याने गुण देण्याआधी त्या ओळी समासात उतरवून घेतल्या. आपल्याला हे का सुचलं नाही, असं त्याला वाटलं, पण त्या मुलीचा हेवा वाटेना. पोरगी लहान होती, तिला शाबासकी देता येण्यासारखी होती. त्याने तेवीस गुण दिले. बेरीज झाली तेव्हा सातवा बँड साडेतीन गुणांनी पहिला आला आणि बारक्याची पोरं दुसरी.

बक्षीस समारंभ उरकल्यावर तो मुद्दाम त्या मुलीला गाठायला गेला. ती वायरी गुंडाळत होती.

“फोनच्या त्या ओळी फार चांगल्या आहेत. कधीपासून लिहितेस?”

“मी नाही लिहिल्या, काका. आम्ही क्लासला नवीन आहोत, सरांनी लिहून दिल्या.” तिने हनुवटीने दाराकडे खूण केली. दाराशी बारक्या आपल्या हरलेल्या पोरांच्या पाठीवर थापा मारत उभा होता.

अनुस्वार तिकडे बघत राहिला. गिटार त्याची, टाळ्या त्याच्या, बायकोचं गुणगुणणंसुद्धा त्याचंच. जगात एक कोपरा आपला म्हणून राखला होता, तिथेही हा चप्पल काढून आरामात बसला होता. आणि त्याला तेवीस गुण देणारा कोण, तर आपणच.

तो तडक बारक्यासमोर जाऊन उभा राहिला. “तू कधीपासून लिहायला लागलास?”

“बरीच वर्षं झाली. तू गेल्यावर कुणी नव्हतंच ना, दादा. आधी तुझ्यासारखं लिहायला गेलो. जमलं नाही. मग तो नाद सोडला, तेव्हा कुठे जरा जमायला लागलं.”

“मला दाखवलं नाहीस कधी.”

“तुला?” बारक्या हसला, पण नजर खाली होती. “माझी छाती नाही झाली. तू टिंबं काढत बसला असतास.”

मग बारक्याच म्हणाला, “पोरांना शब्दांत दोन दिलेस म्हणे.”

“शब्द होते कुठे त्यात?”

“नव्हतेच. त्यांना अजून सांगण्यासारखं काही झालेलंच नाही. उगाच दुसऱ्याचं दुःख कशाला त्यांच्या तोंडात घालू? फोनचं मात्र त्या पोरीचं स्वतःचं होतं.”

हे उत्तरही चांगलं होतं, आणि त्यामुळे अनुस्वाराचा आणखी तिळपापड झाला. ‘मी गाणं संपायच्या आत दोन लिहिले’ हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. “हल्ली पाठ दुखते फार, येतो,” म्हणाला आणि निघाला.

पुढचा आठवडाभर छापखान्यात त्याचं लक्ष नव्हतं. एका खोकल्याच्या औषधाच्या कागदावर ‘दिवसातून दोनदा’ हे तीन वेळा छापलं गेलं आणि ते त्याच्या नजरेतून सुटलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी बोलावून तब्येत विचारली. तब्येत कसली, त्याला जळफळाट झाला होता, आणि त्याने रोज जेवणाच्या सुट्टीत लिहायला घेतलं होतं. प्रेमाने नाही, हौसेने नाही. बारक्याला दाखवायचं म्हणून.

गाणं झालं. कागद घेऊन तो क्लासमध्ये गेला. बारक्याने उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

“तिसरं कडवं नको, दादा.”

“का?”

“दुसऱ्यात सगळं सांगून झालंय. तिसऱ्यात तू फक्त दाखवतोयस, आपल्याला किती येतं ते.”

अनुस्वाराला ते लिहितानाच ठाऊक होतं. त्याने खिशातला पेन काढला आणि कडव्यावर आडवी रेघ मारली, प्रूफावर मारायचा तशीच सरळ. पण घरापर्यंत तो बारक्याच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडत गेला.

बारक्याने चाल लावली आणि त्याच पोरांनी वाचनालयाच्या पुढच्या कार्यक्रमात ते गाणं म्हटलं. टाळ्या पडल्या त्या नेहमीप्रमाणे गिटारच्या तुकड्यावर. अनुस्वाराने त्या मोजल्या नाहीत, म्हणजे न मोजण्याचा प्रयत्न केला. बायको शेजारी होती. तिने घरी जायची घाई केली.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी, चादरींच्या घड्या घालताना ती गायला लागली. ह्या वेळी नुसता तुकडा नाही, शब्दांसकट:

‘गेल्यावर एकदा कळव, पोचलीस...’

छापखान्याला सुट्टी होती. तो आतल्या खोलीतून बाहेर आला. “चुकतेयस. ‘गेल्यावर एकदा कळव, विसरलीस’ असं आहे.”

“काहीतरीच. ड्रमच्या आवाजात ‘लीस’ एवढंच ऐकू आलं मला. पण विसरल्याचं कोण कळवतं? माणूस पोचल्याचं कळवतो.”

“त्यातच तर गंमत आहे. जी विसरली, ती कळवणार कशी, असं ते आहे.”

“असेल,” ती म्हणाली आणि तिने पुढची चादर उचलली. “मला माझं आवडतं.”

दोन दिवस अनुस्वार घुश्शात होता. त्या एका ‘विसरलीस’साठी त्याने पाच जेवणाच्या सुट्ट्या घातल्या होत्या, आणि हिने चादरींच्या ढिगाऱ्यापाशी बसून, न लिहिता, न खोडता, नुसतं चुकीचं ऐकून तो शब्द उडवून लावला होता. आता स्वतःच्या बायकोचाही हेवा करायचा म्हणजे हद्द झाली. पण मनात ती ओळ म्हणून पाहिली की जीभ आपोआप ‘पोचलीस’वर जायची.

तिसऱ्या दिवशी छापखान्यातून त्याने बारक्याला फोन लावला.

“त्या गाण्यात एक बदल आहे. ‘विसरलीस’ काढ. ‘पोचलीस’ घाल.”

पलीकडे बारक्याने ओळ हळूच गुणगुणली. एकदा, मग पुन्हा एकदा.

“दादा,” तो म्हणाला, “हे भलतंच झालं. मला जन्मात सुचलं नसतं. कसं सुचलं तुला?”

अनुस्वाराने खिडकीबाहेर पाहिलं. कागदाचे गठ्ठे उतरवणारी गाडी मागे येत होती.

“सुचलं असंच,” तो म्हणाला.