पांढरी गाडी चिखलात

नाशिक मागे पडलं, पेठ रस्त्यावर ढग अंगाशी आले आणि मी शाळेची सहल निघाल्यासारखी खिदळायला लागले. पन्नाशीच्या बाईला हे शोभत नाही, पण करणार काय! माझी धाकटी बहीण शोभा तिकडच्या उपकेंद्रात नर्स आहे. ती लसीकरणाला निघाली होती, आणि मी तिच्या पांढऱ्या सरकारी गाडीतून डोंगर बघायला.

शोभाचं लक्ष मात्र डोंगरांकडे नव्हतं. "ताई, कोरोनात याच गाडीतून पाड्यावरच्या सोनाआजीच्या नवऱ्याला नेलं. तो परत आला नाही, अंत्यविधीही शहरातच उरकला. तेव्हापासून गाडी दिसली की पाडा ओस पडतो. लहान पोरं गोवराच्या लसीवाचून राहिलीत. आज एक तरी आई यायला हवी गं."

पाड्याच्या अलीकडे ड्रायव्हरने एका म्हशीला वाट दिली आणि आमची गाडी अलगद भातखाचरात उतरली. खाचरातल्या बायका आधी मागे सरकल्या, पण रुतलेल्या गाडीला कोण भिणार? हसतच धावून आल्या. आवणीचा (भातलावणीचा) शेवटचा दिवस होता. त्या दिवशी खाचरात पाय ठेवेल त्याला चिखलाने माखायचं, ही तिथली रीत. आम्ही आयतेच सापडलो! माझ्या नव्या साडीचा रंग कुठला, हे पुढे मलाही सांगता येईना.

सोनाआजी मूठभर चिखल घेऊन शोभासमोर थांबली.

"आज तोंड दिसतंय तुझं. त्या दिशी नुसते पांढरे कपडे आले. कोन नेतंय त्येबी कळलं नाय."

"मीच होते, आजी. तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

आजीने शोभाच्या दोन्ही गालांना चिखल फासला.

सगळ्यांनी मिळून गाडी वर ढकलली. मग नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाची डाळ. किती भाकऱ्या हाणल्या ते विचारू नका. पण शोभाने लसीचा डबा उघडला आणि हसणं थांबलं. आया पोरांना घट्ट धरून आजीकडे बघायला लागल्या.

आजी उठली, थेट गाडीपाशी गेली. "मला बसव. घाटापरेंत ने. अन् परत आनून सोड."

"आजे, नको गं!" तिची नातसून रडकुंडीला आली. आजी तोवर ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसलीसुद्धा.

मी आणि शोभा मागे बसलो. आजीने हात लांबवून हॉर्न दाबला, दचकली, पुन्हा दाबला. "लय वरडती की!" आम्ही तिघी पोट धरून हसलो. घाटाच्या तोंडाशी गाडी वळली तेव्हा ती मागे वळून म्हणाली, "हितंच निजवला व्हता त्याला?" शोभाने मान हलवली. आजीने आम्हा दोघींच्या मधल्या सीटवर हात ठेवला आणि पाडा येईपर्यंत काढला नाही. मला रडू आवरेना.

सगळा पाडा रस्त्यावर उभा होता. आजी उतरली, पदर झटकला. "आली बघा मी!"

सगळ्यांत आधी नातसुनेने आपलं बाळ शोभाच्या मांडीवर ठेवलं. मग रांगच लागली, आणि पोरांनी असा काही गळा काढला की माझे कान बधिर झाले. शोभा चिखलाच्या तोंडाने हसत होती.

नाशिकला परतल्यावर शेजारणींनी विचारलं, काय काय पाहिलंस? धबधबे, ढग, हिरवे डोंगर, सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी मात्र भेटेल त्याला हेच सांगत सुटले की, एक म्हातारी गाडीत बसून गेली आणि घरी परत आली.