बालमर्कीची थंड चूल

ग्रिझेल टेनंटच्या सराईतली चूल अशी कधी विझत नसे. विझली ती एका उपासाच्या गुरुवारी, आणि नेमका त्याच दुपारी लंडनचा एक प्रवासवर्णनवाला दारात येऊन उभा राहिला.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी असला की आधीच्या गुरुवारी अख्खं बालमर्की गाव हातमाग बंद ठेवून, स्वयंपाक न करता, चर्चमध्ये बसे. पलीकडच्या ड्रमकीथचा उपास वेगळ्या आठवड्यात. तिथे गरम मटण चापून आलेल्या माणसाला हे कसं कळावं? पण ग्रिझेलला वाटलं, हे काय सांगायचं असतं! तिने गार भाकरी आणि चीज पुढे ठेवलं, शाल घेतली आणि निघून गेली. दोन शब्द बोलली असती तर जीभ झिजली नसती. पण आमच्या गावाला बोलण्याचा कंटाळाच फार.

वर्षभराने त्याच्या पुस्तकात छापून आलं: ‘बालमर्की हे मरू घातलेलं गाव. माग बंद, सराईत चूल थंड, माणसं घुमी. प्रवाशाने न थांबता ड्रमकीथ गाठावं.’

पुढे गावोगावची माहिती देणारी जितकी गॅझेटिअरं निघाली त्या सगळ्यांनी त्याचीच री ओढली. एडिंबरोत खुर्चीला खिळलेल्या त्या विद्वानांपैकी एकानेही गावात पाऊल टाकलं नाही. सव्वीस वर्षं ग्रिझेलची चूल रात्रंदिवस पेटती राहिली, उपासाच्या दिवशीसुद्धा. त्यासाठी चर्चच्या पंचांनी तिला दोनदा सगळ्यांसमोर उभं करून झापलं. तरी टपालगाडीतले लोक मांडीवरचं पुस्तक बघून खाली उतरायला तयार नसत.

शेवटी गाडीच्या मालकाने स्पष्टच सांगितलं, “बाई, नवं गॅझेटिअर येतंय. त्यातून ती ओळ गेली तर गाडीचे दमलेले घोडे तुमच्याकडे बदलू. नाहीतर ड्रमकीथला. मग इथं गाडी थांबायची नाही.”

त्याच महिन्यात शाळामास्तर गिल्बर्ट रॅटरेंकडे नव्या गॅझेटिअरातल्या बालमर्कीच्या नोंदीचा छापील कागद दुरुस्तीसाठी आला. ग्रिझेल शाळेत धावली.

“मास्तर, ती ओळ खोडा.”

“खोडू कशी? त्या दिवशी चूल थंड होती की नव्हती?”

“होती. एक दिवस.”

“मग ते खोटं नाही. मी पंचांचा कारकून आहे, ग्रिझेल. खरं ते मला खोडता येत नाही.” मास्तरांनी टाक शाईत बुडवला. “पण उपास होता हे खाली लिहितो. तेही खरंच आहे.”

“आणि आता चूल पेटती असते, हे?”

“तेही लिहितो. सावकाश. माझा हात काही टपालगाडी नाही.”

मास्तरांनी दोन पानं भरून लिहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ग्रिझेलने वरच्या खोल्यांतल्या गाद्या उन्हात टाकल्या.

वसंतात पुस्तक आलं. बालमर्कीला चार ओळींची जागा होती. मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग पुस्तक तिच्यासमोर सरकवलं.

‘बालमर्की हे मरू घातलेलं गाव. सराईत चूल थंड. रहिवासी उपाशी असतात. प्रवाशाने न थांबता ड्रमकीथ गाठावं.’

“मी सगळं लिहिलं होतं,” मास्तर म्हणाले.

“हो, मास्तर. पाहिलं मी.”

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तर पुढे पुष्कळ दिवस म्हणत. घोडे ड्रमकीथला गेले. गाडी आता घंटा न वाजवता जाऊ लागली. जून, जुलै, ऑगस्ट. चुलीत रोज पीटची, दलदलीतून काढून वाळवलेल्या जळाऊ मातीची, ढेकळं घालायची, आणि कुणासाठी? ऑक्टोबरच्या एका सोमवारी तिने ढेकूळ घातलं नाही. मंगळवारी राख भरून परसात टाकली.

त्याच आठवड्यात सराईपाशी टपालगाडीचं चाक निखळलं. एक म्हातारा प्रवासी पावसात निथळत आत आला. हात पुढे करून तो चुलीपाशी गेला, वाकून पाहिलं आणि हात मागे घेतले. काखेतलं पुस्तक काढून त्याने पान उलटलं.

“म्हणजे खरंच लिहिलंय यात,” तो म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती.

ग्रिझेलच्या ओठांवर उपासाचा गुरुवार आला, सव्वीस वर्षं आली. तिने म्हाताऱ्याच्या खांद्यावर आपली शाल टाकली.

“हो,” ती म्हणाली. “खरं लिहिलंय.”