ताराअक्कांचा तक्ता

ताराअक्का कुठल्याही बैठकीत आल्या की आधी चपला काढायच्या, मग आम्हा कार्यकर्त्यांची तोंडं बंद करायच्या. "घोषणा नंतर. आधी हवं काय ते सांगा." धुळ्याच्या निवृत्त विज्ञान शिक्षिका. बोलायच्या अशा, जणू समोरचे सगळे पाचवीत नापास झालेले.

मला त्या आवडत नव्हत्या. सरळ लिहितो. शिरपूरजवळच्या त्या पाड्यावर दोन वर्षं मी राबलो. डोंगर उघडा पडला, झरा आटत चालला, म्हणून संपूर्ण चराईबंदीची पत्रकं घरोघर मी वाटली. अक्का एका दुपारी आल्या आणि माणसं माझ्या सभेतून उठून त्यांच्याभोवती जाऊन बसली!

त्यांनी शाळेच्या ओट्यावर खडूनं तक्ता आखला. वर तीन उपाय: डोंगर पूर्ण बंद, पूर्ण मोकळा, किंवा एकेक भाग आळीपाळीनं बंद. डावीकडे लोकांना हवं ते: झऱ्याला पाणी, बकऱ्यांना चारा, सरपण. मग एकेका चौकोनावर भांडण.

"बठ्ठा डोंगर बंद कया तं मन्या बकऱ्या कोठे चरतीन?" पाड्यावरच्या बायजाबाईनं विचारलं. दोन वर्षांत तिनं मला हे विचारलं नव्हतं. मी विचारू दिलंच नव्हतं.

"तुझं काय लिहू, भाऊ?" अक्का माझ्याकडे वळल्या.

"चराईबंदी!"

"तो उपाय झाला, वर लिहिलाय. तुला हवं काय?"

मी हातातली पत्रकं चाळू लागलो. मागून कुणीतरी म्हणालं, "पत्रकमा लिखेल नही का, भाऊ?" सगळे हसले.

खरं उत्तर होतं, मला जिंकायचं होतं. त्यासाठी तक्त्यात ओळ नव्हती.

संध्याकाळपर्यंत आळीपाळीचं ठरलं. दोन पावसाळ्यांनंतर झरा बघून पुन्हा बसायचं, हेही. "निर्णय म्हणजे लग्न नव्हे," अक्का म्हणाल्या, "नाही पटला तर बदलायचा." अक्कांनी आंदोलन पातळ केलं, असं मी धुळ्यात सांगत सुटलो. जळत होतो, दुसरं काय?

दुसऱ्या पावसाळ्यात अक्का गेल्या. वाईट वाटलं. आणि लाज वाटते लिहायला, पण जागा रिकामी झाली असंही वाटलं. फेरबैठकीला मी मुद्दाम लवकर निघालो. आता तक्ता मीच आखणार होतो.

पोचलो तर ओटा भरलेला. झऱ्याला पाणी थोडंसंच वाढलं होतं आणि त्यावरून बायजाबाई तावातावानं भांडत होती. हातात खडू.

"सरक भाऊ," ती वर न बघता म्हणाली, "रेघवर पाय पडना तुना."

मी सरकलो. अक्कांचं नाव कुणी काढलं नाही. त्यांच्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं, आणि त्यांना तेच हवं होतं. मी नसतानाही चालेल असं काही मी तिथं शिकवलंच नव्हतं. अक्कांवर मी अजून जळतो.